नदीचा तुकडा

गंगाखेडच्या पत्र्याच्या थेटरात मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी एक कार्टून लावायची पद्धत होती, आणि खरं सांगायचं तर निम्मं गाव त्यासाठीच तिकीट काढायचं. एक कुत्रा आणि एक कोंबडा. कुत्रा जाड मानेचा, गळ्यात पट्टा. लोकांनी त्याला नाव ठेवलं फौजदार. कोंबड्याचा तुरा छपराला टेकेल एवढा, म्हणून तो तुर्रेबाज. कुठल्याशा परदेशी मालिकेतलं हे एकच रीळ सिकंदराबादहून दुसऱ्या सिनेमाच्या पेटीसोबत चुकून आलं आणि परत कुणी मागितलंच नाही. मालक व्यंकटरावांनीही आपणहून कुणाला आठवण करून दिली नाही. तेवढा भोळेपणा त्यांच्या घराण्यात नव्हता.

मशीन चालवायचा काशीनाथ. सरळ माणूस, पण डोकं कोरडं. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच घरातलं देवदेवस्की, अंगारे-धुपारे, भूतखेत सगळं एका फटक्यात उंबऱ्याबाहेर काढलं होतं. काशीनाथचा भरवसा मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर आणि स्वतःच्या अंगठ्यावर. तुटलेली फिल्म कापायची, कडेचा थर पात्यानं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायची, हे तो डोळे मिटून करायचा. तो जोड पुढं कायम बोटाला लागतो.

त्याची मुलगी सुनेत्रा केबिनमधल्या स्टुलावर बसून तेच ते रीळ पाहायची आणि दर वेळी पोट धरून हसायची. सगळ्यात जास्त नदीच्या जागी. पाठलाग करता करता दोघंही पुलावरून खाली पडतात, बुडतात आणि पापडासारखे चपटे होऊन काठाला लागतात. अंग झाडलं की पुन्हा मारामारी सुरू.

"आबा, हे मरत कामून न्हाईत?"

"कागदावर काढल्यात गं ते."

दोन वर्षांमागं भादव्यात वरच्या अंगाला पाऊस झाला. गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढून वर आली आणि धुणं धुणाऱ्या बायांच्या मधून सुनेत्राला घेऊन गेली. लोकांनी काठ पालथा घातला. देह काही मिळाला नाही.

तेव्हापासून काशीनाथची बायको कावेरी रोज घाटावर जाऊन बसायची. मेलेल्या माणसासाठी करायचा पुण्यानुमोदनाचा विधी तिनं होऊ दिला नव्हता. बौद्धाचार्य लिंबाजी गुरुजी दोनदा घरी येऊन समजावून गेले. ती त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "जित्या लेकराचं कसलं पुण्यानुमोदन, गुरुजी?" भाकरी करताना ती अजून तीन माणसांचं पीठ मळायची. काशीनाथला पोरीचं दुःख होतंच, पण आता बायकोही डोळ्यांदेखत हातची चालली होती. विधी झाल्याशिवाय ती त्या पायऱ्यांवरून उठणार नाही, हे त्याला कळत होतं.

म्हणून या वैशाखात त्यानं दोन गोष्टी केल्या. लिंबाजी गुरुजींना पौर्णिमेला यायला सांगितलं. आणि बुडालेल्यांना दर खेळाला जिवंत परत देणारी रिळातली नदी कापून टाकली.

पुलाच्या कठड्यापासून काठावर अंग झाडण्यापर्यंतचा सगळा तुकडा त्यानं काढला, दोन्ही टोकं जोडली, आणि तुकड्याचं भेंडोळं खऱ्या पुलावरून गोदावरीत फेकलं. मायबाप प्रेक्षकांना काय कळतंय, असं त्याला वाटलं.

बाजारच्या दिवशी दुपारच्या खेळाला लोक त्याच जागी खो-खो हसले.

काशीनाथनं झरोक्यातून पाहिलं. पडद्यावर नदी वाहत होती.

खेळ सुटल्यावर त्यानं रीळ उलगडलं आणि इंच न इंच अंगठ्याखालून सरकवलं. जोड नव्हता. नदीच्या अलीकडं नाही, पलीकडंही नाही. फिल्म अशी गुळगुळीत की जणू कधी पातं लागलंच नव्हतं. आपण दुसरंच काही कापलं असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि नदी पुन्हा कापली. या वेळी तुकडा उजेडात धरून नीट पाहिला, मगच पाण्यात टाकला.

पुढच्या खेळाला नदी परत आली होती. आता तिला पायऱ्या होत्या. काळ्या दगडाच्या, मधेच एक तिरकी खचलेली. ती खचलेली पायरी गंगाखेडच्या लहान पोरालाही ओळखता आली असती.

परदेशातल्या कुठल्या चित्रकाराला आमचा घाट ठाऊक असणार? काशीनाथनं तिसऱ्यांदा पातं लावलं. भीतीपेक्षा त्याला आता पुढं काय येतंय ते पाहायचं होतं. हे त्यानं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

आणि मग पायरीवर ती आली.

त्याच रेघांतली, त्याच काळ्या-पांढऱ्या शाईतली एक मुलगी. दोन वेण्या. फौजदार आणि तुर्रेबाज चपटे होऊन काठाला लागले, तशी ती खाली उतरली. तिनं फौजदाराला पंच्यासारखा पिळला, झटकला आणि दगडावर वाळत घातला. मग तुर्रेबाजाला. थेटर हसून हसून लोळत होतं. मुलगी पिळत होती ती डाव्या हातानं जोर लावून. सुनेत्रा डावखुरी होती.

कार्बन विझत आला तरी काशीनाथला कळलं नाही, आणि पडदा पिवळा पडल्यावर खालून शिट्ट्या आल्या.

खेळ सुटल्यावर त्यानं व्यंकटरावांना गाठलं. "मालक, त्या कार्टूनात ती पोरगी..."

"पिळती ती? झ्याक हाय की."

"ती कदी आली त्यात?"

व्यंकटरावांनी त्याच्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "कदी म्हंजे? पैल्यापसूनच हाय की ती. काशीनाथ, जरा झोपत जा. डोळे लाल झाल्यात तुजे."

दारवानाला विचारलं, भजीवाल्याला विचारलं. सगळ्यांना ती पहिल्यापासून आठवत होती. भजीवाल्याच्या बायकोनं तर ती कशी पिळते ते हातवारे करून दाखवलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी थेटर बंद होतं. काशीनाथ घाटावर गेला आणि कावेरीला घेऊन आला. का, ते सांगितलं नाही. दारं लावून घेतली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे बाकांवर पडले होते. सगळ्या थेटरात कावेरी एकटी, मधल्या बाकावर, पदर घट्ट ओढून बसली.

त्यानं मशीन सुरू केलं.

फौजदार धावला, तुर्रेबाजानं त्याच्या डोक्यात घमेलं हाणलं, दोघं पुलावर आले, पडले. पाणी उडालं.

मुलगी पायऱ्या उतरली. आज ती उंच दिसत होती. चेहरा थोडा लांबट झाला होता, वेण्या कमरेपर्यंत आल्या होत्या. तिनं दोघांना उचललं, पण पिळलं नाही. दोन्हीकडं दोघांना बसवलं आणि स्वतः मधे बसली. जन्माचे ते वैरी तिच्या मांडीवर डोकं टेकून गप पडून राहिले. नदी वाहत होती. तिघंही समोर पाहत होते, मधल्या बाकाकडं.

काशीनाथला हुंदका आला आणि त्याच वेळी हसूही आलं. इतकं सुंदर काही त्यानं मशीन हातात धरल्यापासून पाहिलं नव्हतं. रीळ तर केव्हाच संपायला हवं होतं. फिरकी फिरत होती, फिल्म येतच होती.

मग एकदम पडदा पांढरा झाला.

तो खाली आला. कावेरी रडत नव्हती. तिचा चेहरा असा उजळला होता की त्याला तिच्याकडं बघवेना.

"फ्रॉक बगितला?" ती म्हणाली.

"कसला फ्रॉक?"

"तिच्या अंगावर व्हता त्यो. मी शिवल्याला हाय. मागल्या म्हैन्यात, तुमी कामावर असताना. ट्रंकंत हाय. तुमी रागावचाल म्हनून बोलले न्हाई."

दोघं उन्हातून घरी आले. कावेरीनं ट्रंक उघडली, वरची लुगडी बाजूला केली. फ्रॉक होता तिथंच, नीट घडी घातलेला. तिनं तो उचलून झटकला आणि खालची कड त्याच्यापुढं धरली.

"वाडतं अंग म्हनून चार बोटं आत दुमडलं व्हतं मी. बगा."

दुमड उलगडलेली होती. धागा कुणीतरी हलक्या हातानं काढून घेतला होता. घडीची जुनी रेघ कापडावर तेवढी उरली होती, आणि कड ओलसर होती.

काशीनाथनं खुंटीवरची टोपी घेतली.

"कुटं निगालाव?"

"लिंबाजी गुरुजींकडं. उद्या येऊ नका म्हनून सांगून येतो."

कावेरीनं मान हलवली. तिनं फळीवरून कोऱ्या कापडाचा तागा काढला, गळ्यात टेप अडकवली. सायकल काढताना काशीनाथला आतून तिचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. कावेरी भिंतीजवळ गुडघे टेकून बसली होती आणि समोरच्या रिकाम्या जागेत, खांद्याच्या उंचीपासून खाली, टेप ताणून धरत होती. टेपचं वरचं टोक कुणाच्या हातात नव्हतं, तरी सुटत नव्हतं.

"गप उबी ऱ्हा," ती म्हणत होती, "हालू नगंस."