बिजलीबाईचं ताक

"माह्या बापाले बिजलीबाईनंच जहर देल्लं!" लखन एकच पालुपद लावून बसला होता.

महागावजवळच्या त्या तांड्यावर कालपासून कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. शेताच्या बांधाचं, धुऱ्याचं भांडण मिटवायला शेजारीण बिजलीबाई ताक घेऊन आली. ते पाजून ती घरी परतते न परतते तोच लखनचा बाप अमरसिंग कोसळला. आता पोलिसांना बोलवायचं ठरत होतं. बिजलीबाईच्या लेकीनं घाबरून यवतमाळहून खाजगी गुप्तहेर साधना वानखडेला बोलावलं. साधनाचा मदतनीस अश्वजित मात्र मनात निकाल देऊन मोकळा झाला होता. घरोघरी फवारणीचं औषध, वर जुनं वैर. आणखी काय हवं?

"काय पाहिलंस?" साधनानं अमरसिंगच्या सुनेला, रंजिताला विचारलं.

"मामाजी बसून होते. डावा डोळा चोळला, उजव्या हातातला पेला पडला, तोंड वाकडं झालं. 'बिजली गेली' म्हणाले, अन् मंग बोलणंच बंद! थोड्या वेळानं उठून चालू लागले."

"दवाखान्यात नेलं?"

"बरे झाले, मंग कायले नेतो?" लखन म्हणाला.

"पंखा सुरू होता?"

"हो, लाइन होती ना," रंजिता म्हणाली. "उरलेलं ताक तं मीच प्याली."

"जहर द्याचं असतं तं माह्याच हातानं आणलं असतं काय?" बिजलीबाई कडाडली. चोराच्या उलट्या बोंबा, अश्वजितला वाटलं.

अमरसिंग बाजेवरून म्हणाला, "काय बोललो, मले याद नाही. हिंदी मुलखात ट्रकवर जिंदगी गेली बाई, पण असं कभी झालं नोतं."

साधना ताडकन उठली. "लखन, पोलीस नकोत. गाडी काढ!"

"काहून?"

"तुम्ही म्हणता लाइन, तुझा ट्रकवाला बाप म्हणतो बिजली. त्यांनी शेजारणीचं नाव घेतलंच नाही. डोळ्यापुढं अंधार आला, त्यांना वाटलं वीज गेली. पण पंखा तर फिरत होता!"

"खरं हाय," अमरसिंग चमकला. "डाव्या डोळ्यावर परदा पडल्यावानी झालतं."

"जहर काही एकच डोळा अन् एकच हात निवडत नाही. मानेतली डावी रक्तवाहिनी तुंबत असावी. डाव्या डोळ्याला रक्त तिच्यातूनच जातं, आणि उजवा हात नि बोलणं चालवणाऱ्या मेंदूलाही. काल ते कमी पडलं, मग सुरू झालं, म्हणून हे उठले. पुढच्या वेळी उठतीलच असं नाही. हा लकव्याचा इशारा आहे."

अश्वजितला स्वतःचीच लाज वाटली. लखन रडत बिजलीबाईच्या पायांशी वाकला.

"माफी मंग मांगजो!" ती खेकसली. "अख्खा दिस माह्यावर शक घेण्यात घालोला. पह्यले बापाले उचल!"