हिरव्या मोटारीच्या पांढऱ्या काचा

झाकण उचललं ते दातांच्या डॉक्टरांनी, आणि उचलून ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?" सेक्रेटरीने विचारलं. मग तो स्वतः वाकला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांची हिरवी मोटार जागच्या जागी होती. रंगावर ओरखडा नव्हता. पण पुढची काच, मागची काच, बाजूच्या खिडक्या, सगळ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, कुणीतरी पिठाचा हात फिरवावा तशा.

सायकलच्या दुकानावरची ती खोली म्हणजे छोट्या मोटारी बनवणाऱ्यांचा क्लब. पिकल्या केसांची माणसं इथे डोळ्यांत तेल घालून बोटाएवढे बंपर रंगवतात आणि घरी बायकोने सांगितलेला बल्ब बदलायला विसरतात. संध्याकाळी प्रदर्शन होतं. मास्तरांचं किट फार जुनं, कंपनी कधीच बंद पडलेली. त्या काचा पुन्हा मिळायच्या नव्हत्या.

मास्तर पुढे आले. चित्रकला शिकवून निवृत्त झालेला ताठ माणूस. त्यांनी पुढच्या काचेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर ब्लेडने कापल्याची जुनी आडवी खूण होती. अंगठा काचेवर बराच वेळ राहिला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे तू केलंस."

डॉक्टर काहीच बोलले नाहीत, आणि तेच त्यांना भोवलं. काल खोलीला कुलूप त्यांनीच लावलं होतं. दर प्रदर्शनात त्यांचा नंबर मास्तरांच्या मागे, दुसरा. मागच्या आठवड्यात दोघांची हिरव्या रंगाच्या छटेवरून चांगलीच जुंपली होती. मास्तरांनी निर्वाणीचं सांगितलं, की संध्याकाळपर्यंत एक तर डॉक्टर क्लबमध्ये राहतील, नाही तर मी. वीस वर्षांची मैत्री अशी टेबलावर ठेवली गेली आणि निकाल द्यायचा होता बिचाऱ्या सेक्रेटरीने.

सेक्रेटरीने अडचणीत नेहमी करायचा तेच केलं. मावशीला फोन लावला.

मावशीने सगळी नोकरी पोलिसांच्या प्रयोगशाळेत बोटांचे ठसे शोधण्यात घालवली होती. मोटारींचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. आल्या आल्या तिने कमरेवर हात ठेवून खोली पाहिली.

"एवढे मोठे झालात, खेळणी अजून संपली नाहीत," ती म्हणाली आणि मोटारीपाशी बसली. मग मात्र बराच वेळ तिने मान वर केली नाही. एक कापसाची काडी पाण्यात बुडवून ती उजव्या दिव्याच्या बुडाशी धरून बसली. काडी बाजूला ठेवताना तिचा चेहरा उतरला होता.

चौकशीत पहिला नंबर सेक्रेटरीचा लागला. मावशीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने कबूल केलं, की काल रंगाच्या टेबलावर बसून त्याने बिस्किटं खाल्ली, नियम त्यानेच केलेला असूनही.

"ते राहू दे. शेवटी कोण गेलं?"

"मास्तरांनी दिवा चिकटवला, मोटारीवर झाकण ठेवलं आणि निघाले. मग मी गेलो. डॉक्टर मागे राहिले, कुलूप लावायला."

मावशी मास्तरांच्या टेबलाकडे वळली. बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. काहींच्या तोंडाशी बारीकशी रबरं होती, कुठे दोन, कुठे तीन. टेबलाखाली एक रबर तुटून पडलं होतं. तिने चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला.

"हे तर दातांच्या तारेचं रबर," सेक्रेटरी म्हणाला. "माझ्या मुलीला डॉक्टर हेच देतात." आणि आपण काय बोलून बसलो हे कळून तो ओशाळला. बिस्किटांपेक्षा हे फारच वाईट होतं.

मास्तर खुर्चीत बसले ते भिंतीकडे तोंड करून.

"दिवा कशाने चिकटवलात?" मावशीने विचारलं.

"पांढऱ्या गोंदाने. काचेजवळ तोच वापरतात. सुपरग्लू लावून झाकण ठेवलं तर त्याची वाफ काचांवर बसते. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं."

"बाटल्यांना रबरं कशाला?"

"ओळखायला. पांढऱ्या गोंदाला काही नाही, सुपरग्लूला एक, बाकीच्यांना दोन-तीन."

"लेबलं आहेत की."

"कामाच्या घाईत लेबलं कोण वाचत बसतं?"

डॉक्टर समोर आले तेव्हा त्यांच्या हातात लहानशी बॅग होती. ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि सोडली नाही.

"तुम्ही केलंत?"

"चूक माझीच आहे."

"काय केलंत?"

"काचांवर थिनर फिरवलं. रागात."

"आणि रबर?"

"माझंच. जुन्या पाकिटातलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "नवं आणायला हवं होतं."

मावशीने तिघांनाही मोटारीभोवती बसवलं.

"डॉक्टरांना खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "थिनर फिरवलं असतं तर काचेच्या कडेचा हिरवा रंग आधी उतरला असता. तो जसाच्या तसा आहे. हे वाफेचं काम आहे. आमच्या खात्यात आम्ही ते मुद्दाम करायचो. वस्तू बंद पेटीत ठेवायची, शेजारी सुपरग्लूचे थेंब. जिथे बोट लागलंय तिथे वाफ पांढरी बसते आणि ठसा वर येतो. काल या झाकणाखाली तेच झालं. आता ग्लू कुठे होता? पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो. या दिव्याखालचा पडला नाही. दगडासारखा आहे."

"मी गेल्यावर त्यानेच दिवा काढून पुन्हा लावला असणार," मास्तर म्हणाले.

"मास्तर, डाव्या दिव्याच्या काचेवर उभ्या रेघा आहेत. उजव्यावर कशा आहेत?"

मास्तर मोटारीकडे वाकले. "उभ्याच."

"आडव्या आहेत," मावशी हळू आवाजात म्हणाली. "लांबूनसुद्धा दिसतात."

सेक्रेटरी आळीपाळीने दिव्याकडे आणि मास्तरांकडे पाहत राहिला.

"दिवा चुकीचा बसलाय, आणि त्याखालून बाहेर आलेल्या ग्लूमध्ये अंगठा उमटलाय. त्याच्यावर तुमच्या अंगठ्यासारखीच आडवी खूण आहे. तुम्हाला लेबलं वाचता येत नाहीत मास्तर, म्हणून रबरं. सुपरग्लूचं रबर काल तुटून पडलं. बिनरबराच्या दोन बाटल्या झाल्या आणि हाताला चुकीची लागली. यात गुन्हा काहीच नाही, कुणाचाही हात चुकतो. पण सकाळी काचेवरून अंगठा फिरवलात, असं भाच्याने सांगितलं, तेव्हा तुम्हाला सगळं कळलं होतं. गुन्हा त्यानंतरचा आहे."

मास्तरांचा ताठ कणा एकदम वाकला. त्यांनी अंगठा मुठीत लपवला.

"हाताला खरखरीत लागलं," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं. मला दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून याचं नाव आलं. म्हटलं, घटकाभर आरडाओरडा होईल, मग मिटवून टाकू. आणि हा काही बोलेचना. हा बोलला असता तर मी सुटलो असतो."

"त्यांना तुमचं गुपित सांगायचं नव्हतं," मावशी म्हणाली. "रबरं त्यांनीच दिली ना?"

"मागच्या वर्षी," डॉक्टरच बोलले. "मास्तर बाटल्या नाकाशी नेऊन ओळखत होते. मी रबरं आणली, म्हटलं सगळे कारागीर लावतात. कारण विचारलं नाही. पण पाकीट जुनं होतं. तुटलं ते माझंच रबर, मावशी. झाकण उचललं आणि तेच आधी मनात आलं."

"याला सगळं माहीत होतं," मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आणि मी याचंच नाव घेतलं. का घेतलं?"

"मीच जवळ उभा होतो," डॉक्टर म्हणाले.

ते ऐकून मास्तर रडले. आवाज न करता, चष्मा न काढता रडले. सेक्रेटरीने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली, आणि ज्या माणसाला संध्याकाळी क्लबमधून काढायला निघालो होतो त्याच्याकडे कोणत्या तोंडाने पाहावं, हे काही त्याला सुचेना.

डॉक्टरांनी मांडीवरची बॅग उघडली. आत दातांना चकाकी आणायची पेस्ट होती आणि मऊ कापड. सकाळी गुन्हेगार ठरल्यावर हा माणूस दवाखान्यात जाऊन हे घेऊन आला होता.

"वाफ बाहेरूनच बसलीय," ते म्हणाले. "हळूहळू घासली तर निघेल. पुढची मी करतो. ही बाजूची तुम्ही घ्या मास्तर. याला हात लागतो, डोळे नाही लागत."

मावशीने पर्स उचलली, भाच्याला डोळ्याने खुणावलं आणि दोघं दाराशी गेले. दाराशीच थांबले मात्र.

मास्तर घासत राहिले. खरखर कमी होत गेली. अंगठ्याखाली काच गुळगुळीत लागायला लागली. त्यांनी कापड बाजूला ठेवलं आणि हात तसाच तिथे धरला.

"झाली का साफ?" डॉक्टरांनी विचारलं.

गेलं वर्षभर या प्रश्नाला मास्तरांचं एकच उत्तर असे, की मला दिसतंय, तू तुझं बघ.

"मला नाही दिसत रे," मास्तर म्हणाले. "तूच बघून सांग."