मस्कतला हो म्हणण्याआधी

ठाण्याच्या खोपट डेपोत बस शिरली तेव्हा माझ्या मुलाखतीला बारा मिनिटं उरली होती.

शीळफाट्यावर तासभर अडकून पडलेलो आम्ही. मुलाखत होती मस्कतच्या एका खाजगी ब्रिटिश शाळेची. तिसरीच्या मुलांना विज्ञान शिकवायचं, आणि त्यासाठी आधी ऑनलाइन वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा. डोंबिवलीत, मानपाड्याला आमच्या घरात शेजारचा टीव्हीसुद्धा आपलाच वाटतो, म्हणून मी ठाण्याला मावशीकडे निघाले होते. तिची नात माझी विद्यार्थीण होणार होती. पण मावशीचं घर अजून अर्ध्या तासावर, आणि रिक्षा एकही थांबेना.

लॅपटॉप छातीशी धरून मी डेपोच्या मागच्या बाजूला गेले. तिथे एका लाल बसमध्ये एकजण स्टिअरिंगखाली डोकं घालून वायरी जोडत होता.

"अहो, ही बस कधी निघणार?"

"आज तरी नाही. आजारी आहे." डोकं बाहेर आलं. कपाळावर काळा डाग, आणि डोळे असे की समोरचा आता काहीतरी गमतीचं बोलणार, याची खात्रीच. "तुम्हाला कुठे जायचंय?"

"मस्कतला," मी म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो हसला नाही. सीटवरची हत्यारं उचलली, फडक्याने सीट पुसली, खिडक्या ओढून घेतल्या.

"बसा. इकडे कोणी येत नाही. आणि विद्यार्थी म्हणालात ना... मी चालेन का? तिसरी पास आहे."

त्याचं नाव रत्नदीप. डेपोतला इलेक्ट्रिशियन. आणि माझा धडा होता— बल्ब कसा पेटतो.

स्क्रीनवर प्रिन्सिपल बाई आल्या, सोबत आणखी दोघं. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ही वर्गखोली आहे का? मी म्हटलं, आजच्यापुरती. मग पिशवीतून सेल, वायर, छोटा बल्ब काढला आणि शिकवायला लागले. रत्नदीप हाताची घडी घालून दुसऱ्या सीटवर बसलेला. बल्ब पेटला तेव्हा त्याने असं तोंड उघडलं की मला हसू आवरेना. आणि मग त्याने हात वर केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, बल्ब विझला की वीज कुठे जाते?"

मी गडबडले. आठ वर्षांच्या मुलाला कळेल असं उत्तर मला सुचेचना. तिघं स्क्रीनवरून बघत होते.

"छान प्रश्न आहे," मी शेवटी म्हणाले. "मला याचं सोपं उत्तर आत्ता येत नाही. आपण दोघं मिळून शोधू या."

नंतर कँटीनमध्ये चहा घेताना मी त्याला धरलं.

"तुम्हाला उत्तर माहीत होतं."

"होतं."

"मग मला का अडकवलंत?"

"तुम्ही थापा मारता का, ते बघायचं होतं." त्याने बशीत चहा ओतला. "नाही मारल्यात."

त्या चहानंतर आम्ही भेटत राहिलो. तो कल्याणचा, मी डोंबिवलीची. रविवारी काळ्या तलावाला चकरा मारायच्या आणि निघताना तो म्हणायचा, अजून एक चक्कर. तिसऱ्या रविवारी 'मॅडम' गेलं, 'माया' आलं. चौथ्या रविवारी रस्ता ओलांडताना त्याने माझी ओढणी सायकलवाल्यापासून वाचवली आणि तिचं टोक पलीकडच्या फुटपाथपर्यंत सोडलंच नाही. मीही मागितलं नाही.

आणि मार्चमध्ये मेल आला. माझी निवड झाली होती. दोन वर्षांचा करार, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं. उत्तर पुढच्या रविवारी दुपारी दोनपर्यंत.

आईने शेजारी पेढे वाटले. मी मात्र तो आठवडा नुसती घरभर फिरत काढला. मेल उघडायचा, 'मान्य' लिहिलेल्या निळ्या चौकोनावर बोट न्यायचं, फोन उलटा ठेवायचा. मी शिकवते त्या शाळेत एकाच मुलाची वही दोनदा तपासली. रत्नदीपला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भारी. जायचं." रोज तेच. उन्हाळ्यात मस्कतला किती गरम होतं ते त्याने शोधून ठेवलं, प्लगच्या पिना कशा असतात तेसुद्धा. ज्याची मी वाट बघत होते, तेवढंच सोडून सगळं.

रविवारी सकाळी मी म्हटलं, मला कुठेतरी लांब घेऊन चल. बाइकवरून आम्ही खडवलीला गेलो. नदीवर पोरंटोरं डुंबत होती. आम्ही वरच्या अंगाला, खडकावर पाय पाण्यात सोडून बसलो. मला तेही जमेना. उठले, बसले, पुन्हा उठले.

"किती वाजले?" मी विचारलं.

"सव्वाबारा. पाठवलंस का?"

"तुला घाई झालीय मला पाठवायची."

"असं नाही गं..."

"मग कसं? दोन महिने दर रविवारी भेटायचं, रोज बोलायचं, आणि मी जाणार म्हटल्यावर तू मला प्लगच्या पिना सांगतोस. एकदा तरी काही वाटलं तुला?"

तो पाण्याकडे बघत राहिला. एरवी कायम हसणारे डोळे, आज ते मिटल्यासारखे होते.

"माझी दर्शनाताई नर्स आहे," तो म्हणाला. "तिला कतारला नोकरी लागलेली. तिकीट आलेलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा. आई नुकती गेलेली. मी तिच्यापुढे रडलो, जेवण सोडलं. जाऊ नको म्हटलं. ती थांबली. कधी बोलून दाखवलं नाही तिने. पण अजून विमान वरून गेलं की ती हातातलं काम थांबवते... मी ठरवलेलं, हे वाक्य परत कोणाला म्हणायचं नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. खडक तापला होता.

"रत्नदीप, मी तुला अडव म्हणत नाहीये. मी जाणारच आहे. लहानपणापासून माझ्या डोक्यात आहे ते. फक्त मागे काय सोडून जातेय, ते मला माहीत नको? सांगणं आणि अडवणं एकच नसतं रे."

तो पायाने पाणी ढवळत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला तू आवडतेस. खूप. त्या दिवशी तू 'येत नाही' म्हणालीस ना, तेव्हापासून. तू गेल्यावर रविवारचं काय करायचं, मला कळत नाही. बस. झालं सांगून."

"आता माझ्याकडे बघून सांग."

त्याने बघितलं. आणि कानापर्यंत लाल झाला. मीच त्याचा हात हातात घेतला. बोटांवर वायरींचे जुने चटके होते.

"मलाही," मी म्हणाले. "दोन वर्षं. सुट्टीत येईन. निभेल?"

"निभवू."

फोन काढला तर खडकावर रेंजच नाही. दीड वाजत आलेला. आम्ही चपला हातात घेऊन पळत रस्त्यापर्यंत गेलो. एक दांडी आली, गेली. रत्नदीपने माझा फोन घेतला आणि कठड्यावर चढून, टाचा उंचावून, हात उंच धरला.

"आली. दोन दांड्या. दाबू?"

"थांब, मी—"

"हात नाही पोचणार तुझा." त्याने माझ्याकडे खाली बघितलं. "दाबू का, माया?"

"दाब."

त्याने दाबलं. स्क्रीनवरचं गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि थांबलं. उत्तर गेलं. तो उतरला, फोन माझ्या हातात दिला. त्याचा चेहरा मला नीट बघवला नाही, पण तो हसत होता, खरंच. आठवडाभरात पहिल्यांदा माझे पाय एका जागी ठरले.

"संध्याकाळी घरी येशील?" मी विचारलं. "आईला सांगायचंय."

"काय, मेल पाठवला ते?"

"दोन्ही," मी म्हणाले.