वरची कडी

त्या रात्री मी टाचणीच्या दुकानात गेलो होतो ते कपाटाच्या किल्लीसाठी. साधं काम. जुनी किल्ली मोडली होती, नवी करायची, दहा मिनिटांत घरी. टाचणी म्हणजे आमच्या गल्लीतला कुलूपवाला. एकदा कुणाची तरी पेटी त्याने नुसत्या टाचणीने उघडून दाखवली, तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्याच्या समोरच माझं घड्याळांचं दुकान, त्यामुळे वेळ विचाराल तर नेमकी सांगतो. अकरा तारीख, मंगळवार, रात्रीचे नऊ वाजून आठ मिनिटं. विमान नाहीसं होऊन एकोणीस दिवस झाले होते.

हो, तेच विमान. आत्ता मोबाइलवर ज्याचं बघत होतास तेच. ठेव तो खाली. कुठल्या तरी बेटावर उतरवलं म्हणे, आणि तू मान डोलावतोस. ते सांगणाऱ्याला सकाळी स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते सापडत नसेल. ऐक आता, आणि मध्ये बोलू नकोस.

त्या विमानाचा कॅप्टन आमच्या गल्लीत राहायचा. शेवटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात बायको आणि म्हातारी आई. उंच माणूस, समोरच्याशी वाकून बोलायची सवय. दोनशे सोळा माणसांना घेऊन तो उडाला आणि पुन्हा दिसला नाही. बस्स, माहीत आहे ते एवढंच, आजही. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायला जीभ कुणाची वळते? उचलली जीभ, लावली टाळ्याला. पहिला म्हणे कॅप्टनचं बायकोशी पटत नव्हतं. दुसरा म्हणे तो चार दिवस गप्प गप्प होता. अरे, मीही दाढ दुखली की चार दिवस गप्प असतो. आणि हे सगळं त्याची बायको घरात बसून ऐकत होती.

मग बातम्यांच्या वाहिनीची गाडी गल्लीत आली. माईकवाला दुकानादुकानांतून फिरला आणि टाचणीच्या तोंडून त्याला एक गोष्ट मिळाली. कॅप्टनने जायच्या आठ दिवस आधी घराच्या दाराला आतून, वरच्या बाजूला, जास्तीची कडी लावून घेतली होती. झालं. रात्री पडद्यावर त्या दाराचा फोटो, भोवती लाल गोल, आणि कोट घातलेली चार माणसं एका कडीवरून घसा फोडतायत. घरात काय लपवलं होतं? कुणाला कोंडलं होतं? राईचा पर्वत म्हणतात, इथे तर राईसुद्धा नव्हती.

कारण कडी कशाला होती ते टाचणीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. कॅप्टनच्या आईला विसरायचा आजार. रात्री दार उघडून शाळेला निघायची, ऐंशी वर्षांची बाई. एकदा ट्रकखाली येता येता वाचली. कॅप्टन स्वतः दुकानात आला होता, मी तिथेच चहा पीत होतो. म्हणाला, मी ड्युटीवर असलो की बायकोला रात्रभर झोप लागत नाही, आईचा हात पोचणार नाही एवढ्या वर लाव. साडेचार फुटांची ती म्हातारी, गुडघे गेलेले. टाचणीने कडी सहा फुटांवर बसवली.

तर नऊ वाजून आठ मिनिटांनी टाचणीचा फोन वाजला. कॅप्टनची बायको. सासूच्या गोळ्या संपल्या म्हणून ती दाराला बाहेरून कुलूप लावून पंधरा मिनिटं औषधाच्या दुकानात गेली होती. परत आली, कुलूप काढलं, दार उघडेना. वरची कडी आतून लागलेली. आत एकटी म्हातारी, आणि ती हाकेला ओ देत नव्हती. पोलिसांना बोलवावं तर कोपऱ्यावर वाहिनीची गाडी उभी. सकाळपर्यंत सासू सगळ्या देशाला दिसली असती.

टाचणी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “तुम्हीच लावलीत, तुम्हीच काढा.” आणि फोन ठेवला.

टाचणीने मला बरोबर घेतलं, बॅटरी धरायला म्हणून. खरं तर तिच्यासमोर एकट्याने उभं राहायची त्याची छाती नव्हती. माझीही नव्हती. जिन्यात ती भिंतीला टेकून उभी होती, हातात गोळ्यांची पिशवी. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टाचणीने पातळ पोलादी पट्टी काढली. दार आणि चौकट यांच्या फटीतून ती आत सरकवायची, कडीच्या दांड्याला टेकवायची, हळूहळू ढकलायची. त्याच्या हाताला दोन मिनिटांचं काम. पट्टी आत गेली, टेकली, आणि बाहेर आली.

तो म्हणाला, घसरली. पुन्हा घातली. पुन्हा बाहेर आली. या वेळी मी बॅटरी जवळ धरली होती. घसरली नव्हती ती. टाचणी जोर लावून आत ढकलत होता, आणि आतून कुणीतरी... सावकाश... बाहेर ढकलत होतं.

तिसऱ्यांदा पट्टी त्याच्या हातातून सुटली आणि पायऱ्यांवरून खाली गेली. केवढा आवाज.

आणि दाराच्या अगदी पलीकडून म्हातारी बोलली.

“हळू करा. तो आत्ताच आलाय. दमलाय.”

कॅप्टनच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. कोण आलंय, असं तिने विचारलं नाही. आम्हीही नाही. घड्याळात नऊ एकतीस.

“तो विचारतोय...” म्हातारी म्हणाली, “कडी कशाला लावली?”

टाचणीने तोंड दाराजवळ नेलं. “तुमच्यासाठी, आजी. तुम्ही रात्री बाहेर पडायचात म्हणून. त्यांनीच सांगितलं होतं.”

मग कडी सरकली. लोखंडाचा तो आवाज मी ओळखतो. अर्धी सरकली, आणि थांबली.

“तो विचारतोय, तिकडे काय सांगितलंस?”

“हेच सांगितलं होतं,” टाचणी म्हणाला. “वाहिनीवाल्यांनी कापलं.”

खट्. कडी परत आत गेली.

टाचणीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. कारण माईकवाला आला त्या दिवशीही मी दुकानात होतो. तो माईकवाला सोडला तर काय झालं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं... आणि दाराआड जो कोणी होता त्याला.

वेळ गेला. किती ते आज सांगता येत नाही, मी घड्याळाकडे बघितलंच नाही. मग टाचणी पायरीवर बसला आणि दाराकडे तोंड करून, लहान मुलासारखा, बोलायला लागला.

“नाही कापलं. मीच बोललो नाही. त्याने विचारलं, कडी कशाला. मी म्हटलं, मोठ्या माणसांचं आपल्याला काय कळणार साहेब. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, पुन्हा एकदा म्हणा, कॅमेऱ्याकडे बघून. मी पुन्हा म्हटलं... मला बरं वाटलं तेव्हा. टीव्हीवर दिसणार म्हणून.”

आणि मी? माईकवाला त्याला विचारत होता तेव्हा मी काय करत होतो, सांगू? खिशातला कंगवा काढून केस विंचरत होतो. म्हटलं, आता मलाही विचारतील. एक वाक्य, ‘अहो, ती आईसाठी आहे’ एवढंच, माझ्या तोंडून निघालं नाही. तुझ्या मोबाइलवरच्या त्या माणसाला मी शिव्या देतो ना, त्या आधी मला लागतात. कंगव्याचं हे सगळं मी त्या जिन्यात बोललो. मोठ्याने.

कॅप्टनची बायको ऐकत होती.

मग कडी सरकली. पूर्ण. आणि दार आपलं आपण चार बोटं उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी माईकवाल्याकडे गेला आणि सगळं खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, मामा, आता यात बातमी नाही. जाऊ दे, त्या माणसाची आठवण आली तरी माझं डोकं फिरतं.

आतलं सांगतो. आम्ही लगेच आत शिरलो, अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल. दाराशी कुणी नव्हतं. खिडक्यांना जाळ्या, सगळ्या बंद. मी पलंगाखाली बघितलं, न्हाणीघर बघितलं. म्हातारी आतल्या खोलीत गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन गाढ झोपली होती, श्वास संथ. दारापासून त्या पलंगापर्यंत यायला तिला भिंत धरून पाच मिनिटं लागायची.

सून पलंगाशी गेली. पांघरूण सारखं करायला तिने पायांकडची कड उचलली, आणि तशीच धरून राहिली.

म्हातारीच्या पायांत मोजे होते. काळे, जाड, पुरुषाचे, तिच्या पावलांना ढगळ. सुनेने उजवी टाच हातात घेतली आणि वळवून बघितली. तिथे निळ्या दोऱ्याचे टाके होते.

“जायच्या सकाळी मी शिवले होते,” ती म्हणाली. “काळा दोरा संपला होता. हसले होते ते. म्हणाले, बुटाच्या आत कोण बघतंय, आणि तेच घालून गेले.”

मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघितलं. “हात लावून बघा,” म्हणाली.

मी हात लावला. नुकतेच कुणाच्या तरी पायातून काढल्यासारखे ते मोजे गरम होते... आणि आतली म्हातारीची पावलं अजून थंडगार होती.