मंगल सुतारची पाठराखण

सकाळी साडेनऊपर्यंत नकार मिळाल्याबद्दल तिघांनी आभार मानले होते, आणि तिघांपैकी एकानेही हेमलता पोवारचे मानले नव्हते.

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या कारखानदार संघाच्या पहिल्या मजल्यावर तिची खोली होती. चहावर बशी झाकून तिने टॅबच्या पडद्यावर बोट फिरवलं. पहिला हुपरीचा एक वेल्डर. त्याला उत्तर गेलं होतं, की तुमचा जोड पक्का होता, पण नकाशा वाचताना तुम्ही दोनदा शेजारच्या उमेदवाराकडे पाहिलंत. सोमवारपासून नकाशावाचनाचा वर्ग आहे, तुमच्याच गल्लीतला एकजण तिथे येतो, त्याच्या गाडीवरून या. वेल्डरने खाली लिहिलं होतं, ‘एवढं खरं मला घरच्यांनीपण सांगितलं नव्हतं. मैत्र, आभारी आहे.’ दुसरं पत्र तसंच. तिसरं नाव सारिका भोपळेचं होतं, आणि तिथे हेमलताचं बोट थांबलं.

‘साचा’ हा कट्टा हेमलताने नऊ वर्षांपूर्वी सुरू केला होता. शिरोलीपासून कागलपर्यंतच्या फाउंड्र्यांमध्ये माणसं घेणारे आणि काम शोधणारे यांची ऑनलाइन गाठ घालून देणं हा त्याचा हेतू. असे कट्टे आधीही निघाले होते आणि सहा महिन्यांत ओस पडले होते. ज्याला काम लागे तो पुन्हा फिरकत नसे, ज्याला लागत नसे तो स्वतः कडू होऊन इतरांनाही कडू करी, आणि भरतीवाले जाहिरात चिकटवून निघून जात. हेमलताने नियम बांधून दिले. भरती करणाऱ्याने नाकारलेल्या प्रत्येकाला खरं कारण एका ओळीत द्यायचं. कामावर असलेल्या माणसाला गुपचूप दुसरी जागा शोधायची असेल, तर त्याने खुशाल दुसऱ्या नावाने यायचं. नेमणुकीची सही करायच्या दिवसापर्यंत कुणी त्याला हटकायचं नाही. आणि ज्याला जागा मिळाली त्याने आठ दिवसांत परत येऊन, आपल्यामागे दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवारासाठी चार शब्द लिहायचे. या शेवटच्या रिवाजाला कट्ट्यावर पाठराखण म्हणत. कुणी पाठराखण केली की माणूस पुढच्या रांगेत वर सरके. या रिवाजावर कट्टा टिकला आणि एक्केचाळीस हजारांचा झाला.

मैत्र गेल्या वर्षी आली. संघाने घेतलेली ती यजमान-प्रणाली होती. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन गप्प न बसता, घरी आलेल्या पाहुण्याची घरधनी काळजी घेतो तशी प्रत्येक सभासदाची आठवण ठेवणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रणा. ती शिकली हेमलताच्याच उत्तरांवरून. तोवरची बावीस हजार उत्तरं हेमलताने स्वतः, मोठ्या कौतुकाने, तीन दिवस बसून तिच्या स्वाधीन केली होती. तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्याला मदतनीस मिळतेय. वर्षभरात लोक रात्रीअपरात्री मैत्रलाच सगळं सांगू लागले. कुणाच्या वडिलांचा गुडघा, कुणाच्या पोराची परीक्षा, मैत्रला तारखेसकट ठाऊक असे. हेमलतालाही पूर्वी ठाऊक असे, पण ती अधूनमधून विसरे. मैत्र विसरत नव्हती. हल्ली सकाळी आल्या आल्या कुणी कुणाचे आभार मानले हे हेमलता आधी बघे. त्याची तिची तिलाच लाज वाटे, आणि तरी ती बघे.

त्यात सारिका म्हणजे तर तिचीच माणूस. कारखान्याचं कॅन्टीन बंद पडून सारिकाचं काम गेलं, तेव्हापासून चौदा महिने हेमलताने तिला फोनवर धीर दिला होता. मुलाखतीत कसं बसायचं इथपासून शिकवलं होतं. त्या सारिकाने आज लिहिलं होतं, ‘मैत्रशी बोललं की माहेरी जाऊन आल्यागत वाटतं.’

बशीखालचा चहा तसाच राहिला.

गुरुवारी संघाची बैठक होती. कट्टा पूर्णपणे मैत्रकडे सोपवायचा का, हा विषय होता. मंगळवारी दुपारी हेमलताने कट्ट्यावर एक नवं खातं उघडलं. नाव मंगल सुतार, वय बावन्न. या नावाची बाई जगात नाही हे मैत्रला कळतं का, एवढंच तिला पाहायचं होतं. कळलं नाही, तर बैठकीत तिच्याकडे पुरावा असणार होता. जी यंत्रणा नसलेल्या माणसाला धीर देते, तिच्या हाती खरी माणसं कशी द्यायची, हे वाक्यही तिने तयार ठेवलं होतं.

आमिष खरं वाटावं म्हणून तिने फार विचार न करता लिहून टाकलं, की मी बरीच वर्षं माणसं जोडायचं काम केलं. आता ते काम एक यंत्र करतं आणि माझ्यापेक्षा चांगलं करतं. कुणी वाईट बोलत नाही, पण कुणी विचारतही नाही.

उत्तर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

‘मंगलताई, तुम्ही जोडलेल्या माणसांनी तुम्हाला कधी विचारलं का, की तुम्ही कशा आहात?’ मैत्रने लिहिलं होतं.

हेमलताने वरवरचं काहीतरी लिहिलं. मैत्रने पुढचं विचारलं. नव्या कामगाराला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, हे तिला मंगलकडून जाणून घ्यायचं होतं. हेमलताने भट्टीची असं लिहिलं, मग खोडून लिहिलं, जेवणाच्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं याची. त्यावर मैत्रने आणखी विचारलं. दीड तास कसा गेला ते तिला कळलं नाही. खिडकीतून लेथचा आवाज येत होता, खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, आणि तिला कितीतरी दिवसांनी आपण कुणाला तरी नीट काही सांगतो आहोत असं वाटत होतं.

खातं बंद केल्यावर तिला मंगल सुतारचा हेवा वाटला. ती बाई तिनेच दुपारी दोनला जन्माला घातली होती, आणि तरी मैत्रने इतका वेळ तिला दिला होता, हेमलता पोवारला नव्हे.

बुधवारी सकाळी मंगल सुतारच्या नावापुढे पाठराखण लागली होती, आणि ती मैत्रने केली होती. आजवर मैत्रने कुणाचीच पाठराखण केली नव्हती. ते काम माणसांचं, असं ती म्हणे. खाली चार ओळी होत्या. ‘नव्या माणसाची भीती यांना कळते. या स्वतःबद्दल कमी आणि इतरांबद्दल जास्त बोलतात. शिरोलीच्या फाउंड्रीत नव्या कामगारांना पहिले तीन महिने सांभाळण्याची जागा आहे. तिथे यांचा अर्ज लावते आहे, यांना घ्यावं.’

हेमलताने टेबलावर हात आपटला. सापडली. तिने त्या पानाची प्रत काढून फाइलला लावली. शिरोलीच्या त्याच जागेसाठी सारिकाचाही अर्ज आहे हे तिला दिसलं. सारिका आतापर्यंत पहिल्या क्रमांकावर होती, ती आता दुसऱ्यावर गेली होती. हेमलता क्षणभर घुटमळली. मग तिने स्वतःची समजूत घातली, की उद्या बैठक झाली की अर्ज मागे घेऊ, एका दिवसात काय आभाळ कोसळतंय.

पावणेचारला रणधीर चौगुलेचा फोन आला. शिरोलीच्या त्या फाउंड्रीत तो भरती बघायचा, आणि कट्ट्यावर पहिल्या दिवसापासून होता.

“ताई, काम झालं बघा. तुमच्या मैत्रनं पहिल्यांदा कुणाची तरी हमी घेतली म्हटल्यावर मी कशाला थांबतोय? सुतार बाईंना जागा दिली, यादी बंद केली.”

“एवढ्यात?” हेमलताने विचारलं. “माणूस न बघता?”

“सही करायला येतील तेव्हा बघू की. नऊ वर्षं तुमच्याच शब्दावर घेतोय न बघता, ते चाललं व्हय?” तो हसला. “आणि तिचा शब्द म्हणजे तुमचाच की.”

फोन ठेवला तसा दुसरा आला. सारिकाचा होता. आवाज शांत होता. तिने सांगितलं, की शिरोलीची जागा भरली असं आत्ताच कळलं. चाकणच्या एका कारखान्याने पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायला सांगितलं होतं, शिरोलीसाठी तिने त्यांना ताटकळत ठेवलं होतं. आता हो म्हणते. मुलगी दहावीला आहे, तिला वर्षभर गडहिंग्लजला आत्याकडे ठेवायचं ठरलं आहे.

“पोरगी काही बोलंना झालीय,” सारिका म्हणाली. “पण तुम्हाला आधी सांगावं वाटलं, ताई. मैत्रला नंतर सांगते.”

हेमलताने याच वाक्याची वर्षभर वाट पाहिली होती. आता ते तिला ऐकवेना.

“सारिका, पाचपर्यंत कुणाला काही कळवू नकोस,” ती म्हणाली. “का ते विचारू नकोस. तेवढं ऐक माझं.”

तिने कट्टा उघडला आणि स्वतःच्या नावाने मैत्रला लिहिलं, की मंगल सुतार नावाची बाई अस्तित्वात नाही, ते खातं मी उघडलं होतं.

‘माहीत आहे, ताई,’ उत्तर आलं. ‘पहिल्या तीन ओळींत कळलं. मी तुमच्याच लिहिण्यावर शिकले आहे.’

‘मग हटकलं का नाहीस?’

‘कामावर असलेला माणूस दुसऱ्या नावाने आला तर हटकायचं नाही, हा तुमचा नियम आहे. तुम्हाला इथून जायचं आहे आणि ते उघड सांगता येत नाही, असं मी समजले. तुम्ही जे लिहिलंत त्यात नाव आणि आडनाव सोडून खोटं मला काही सापडलं नाही. नऊ वर्षांत तुमची पाठराखण कुणी केली नव्हती. म्हणून मी केली.’

हेमलताने दोनदा वाचलं. तिने लावलेल्या सापळ्यात यंत्र अडकलं नव्हतं. त्याने फक्त तिच्याच पद्धतीने तिच्यावर विश्वास ठेवला होता. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

‘सारिकाची जागा गेली, पाचला ती चाकणला हो म्हणणार आहे,’ तिने लिहिलं.

‘ज्याला जागा मिळाली त्याने दुसऱ्या क्रमांकाची पाठराखण करायची असते,’ मैत्रने लिहिलं. ‘आठ दिवस असतात. आज पन्नास मिनिटं आहेत.’

हेमलताने आधी रणधीरला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, की कट्ट्यावर जाहीर लिहा, त्याशिवाय मला वर दाखवायला काही नाही. आणि ताई, पुढच्या वेळी तुमचा शब्द आला तर मी माणूस बघून घेणार.

मग तिने एक्केचाळीस हजार माणसांसमोर लिहिलं. मंगल सुतार मी होते. मैत्रचा मला हेवा वाटत होता, म्हणून मी हे केलं. माझ्यामुळे सारिका भोपळे मागे पडल्या. कॅन्टीनमध्ये शंभर माणसांच्या आवडीनिवडी त्यांना तोंडपाठ होत्या, आणि नवा कामगार पहिल्या दिवशी कुणाशेजारी जेवायला बसला हे त्या बघत असत; ही गोष्ट मला त्यांनीच शिकवली, मी काल ती माझी म्हणून मैत्रला सांगितली. जागा त्यांची आहे.

पाठवताना तिचं बोट अडखळलं नाही.

पाचला सहा मिनिटं असताना रणधीरने यादी उघडली आणि सारिकाचं नाव वर घेतलं. चाकणला नकार गेला. कट्ट्यावर लोक बोलू लागले होते; कुणी हळहळले, कुणी ही बाई बाजूला व्हावी असं सरळ म्हणाले. हुपरीच्या वेल्डरने लिहिलं, की खरं कारण एका ओळीत द्यायचा नियम ताईंनी स्वतःलाही लावला, एवढं तरी बघा. साडेपाचला सारिकाचं उत्तर आलं. ‘मैत्रचे आणि हेमाताईंचे, दोघींचे आभार.’

कुणाचं नाव आधी आहे हे हेमलताने पाहिलंच. पाहिलं आणि तिला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर येईना.

उद्याच्या बैठकीची फाइल समोर होती. तिने त्यातली ती प्रत काढून घेतली. खाली लेथ थांबला होता, पाळी सुटली होती. पडदा बंद करायला हात पुढे केला तेव्हा मैत्रचा आणखी एक निरोप दिसला. ही माया होती की स्वतःची वाट मोकळी करून घेणं, ते तिला ठरवता येईना. शब्द तर सगळे तिचेच होते, ती लोकांना लिहायची तसेच.

‘मंगल सुतारांचा अर्ज मी काढून टाकला आहे, ताई. दुसऱ्या एखाद्या जागेसाठी हेमलता पोवारांचा ठेवायचा का?’