दोन्ही किडन्या

पहिल्या वेळी गुंजनची स्कूटी खरंच बंद पडली. करडीहून भंडाऱ्याला डायलिसिस सेंटरवर ड्युटीला जाताना, वरठीत, नेमकी भुपेंद्रच्या गॅरेजसमोर. नंतरच्या चार महिन्यांत ती आणखी सहा वेळा बंद पडली, आणि त्यातल्या पाच वेळा प्लगची टोपी गुंजननंच उपसून ठेवली होती. भुपेंद्र टोपी मुकाट्यानं बसवायचा आणि मग शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या तीन जुन्या बीएमडब्ल्यू तिला दाखवत राहायचा.

"ही पंच्याऐंशीची. चौकोनी, दिवे उघडे. ही पंच्याण्णवची, दिवे काचेआड गेले, अंग गोल झालं. ही दोन हजार दोनची कूपे. सारं बदललं, पण मागच्या खिडकीचा हा वाक पाहा... तसाच हाय."

"गाडीचा वाक बरा दिसते तुमाले," ती म्हणायची. "माणसाचं काहीच दिसत नाही."

त्याचे कान लाल व्हायचे. पण गोष्ट पुढं सरकत नव्हती.

आणि उद्या सकाळी सानगडीचा मुलगा गुंजनला बघायला येणार होता. तिचे बाबा श्यामराव म्हणाले होते, "मनात दुसरं कोणी असंल तं आजच सांग, बेटा. पाहुण्यापुढं तमाशा नोको."

ती शेडच्या दाराशी पोचली, तेव्हा भुपेंद्र पाठमोरा, फोनवर होता.

"दोन्ही किडन्या गेल्या, भाऊ... हाव, दोन्ही. जर्मनीहून आल्या तं ठीक, नाही तं वर्षभर असंच बसा लागंल... नाही, तिले नाही सांगितलं अजून. रडंल थे."

सुजलेले पाय, मोजून प्यायचं पाणी, मशीनपाशी चार-चार तास... रोज सेंटरवर हेच तर बघत होती गुंजन. म्हणून गप्प होता हा! ती वळली. स्कूटीपर्यंत गेली. किल्ली लावली... आणि परत आली.

"भुपेंद्र."

तो दचकला. "बंद पडली का?"

"चूप ऱ्हा. ऐकलं मी सारं. हप्त्यातून तीनदा मशीन मी लावीन, माझ्या हातानं. पाणी मोजून देईन, मीठ कमी करीन. पण लगन करीन तं तुमच्यासंगच. मिळतील तेवढी वर्षं."

स्टेशनावरून मालगाडी धडधडत गेली.

"मीठ... काहून?"

"किडन्या—"

भुपेंद्रनं हळूच कूपेकडं बोट दाखवलं. गाडीच्या नाकाच्या जागी भगदाड होतं. "काल ट्रायलले नेली, अन् रानडुक्कर धडकलं. बोनेटपुढच्या या दोन जाळ्या असतात ना, त्यालेच किडनी म्हणतात. आधी बारक्या, उभ्या होत्या. मंग आडव्या पसरत—"

"आणि 'तिले' म्हणजे?"

"गाडीच्या मालकीणबाई. सत्तरीच्या हायत."

गुंजननं ओढणीत तोंड लपवलं. तो जवळ आला, पण एका हाताच्या अंतरावरच थांबला.

"लगनाचं बोललं थे... वापस घेता का?"

"घेऊ?"

"नोको!" एवढ्या जोरात की तो स्वतःच दचकला. मग त्यानं भरदुपारी शटर खाली ओढलं. "चला करडीले. तुमच्या बाबाले मीच विचारतो." दोन पावलांवर तो थबकला. "पण गुंजन... मी बोलता बोलता अडकलो तं?"

"अडका," ती म्हणाली. "पण बाबाच्या पुढून उठू नका."