खालून धरणारा

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मला काही फरक पडत नाही.

आधीच सांगतो. इथे अमावास्या नाही. पांढरी साडी नाही. कुत्रं रडत नाही. एक कुत्रं होतं, ते होडीच्या सावलीत झोपलं होतं आणि शेवटपर्यंत झोपूनच राहिलं. ज्यांना भुतासाठी रात्र लागते, त्यांनी इथूनच मागे फिरावं.

दुपार होती. डोक्यावर ऊन. गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा आदला दिवस. पेडण्यातलं चोपडे, शापोरा नदीचा काठ.

मी श्रीनाथ. कोरगावात माझं फायबरचं काम आहे. पाण्याच्या टाक्या, होड्या, छपरं. तडकलेलं, गळकं, दुसऱ्याने बिघडवलेलं. दुसऱ्याने बिघडवलेलंच जास्त. नट घट्ट होतोय की सैल होतोय, हे मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतो.

आणि माझा मेहुणा गौरेश. हा मोबाईलवर व्हिडिओ बघतो.

वर

गौरेशने जुनी फायबरची होडी घेतली होती. पर्यटकांना नदीत फिरवायचं, डॉल्फिन दाखवायचे. दसऱ्याला पहिली फेरी. आणि पहिल्या फेरीला घरच्या बाईने होडीच्या टोकाशी उभं राहून, वाकून, नदीची ओटी भरायची. म्हणजे माझ्या बहिणीने. समीक्षाने.

समीक्षाला पोहता येत नाही. शेतातली पोर. नदी तिने आयुष्यभर पुलावरून बघितली.

टोकाशी धरायला स्टीलचा कठडा होता. गौरेशने स्वतः बसवलेला.

मी सकाळी पोचलो. कठड्याला एका हाताने हलवलं.

कठडा माझ्या हातात आला.

"फायबर म्हणजे दगड मरे," गौरेश म्हणाला. "स्क्रू मारलो काय संपला. तूच काय तरी केलंस."

"भावोजी, दगडाच्या पोटात असा भिजलेला चिवडा असता?"

स्क्रूच्या भोकातून काळा, ओला भुसा पडत होता. फायबरचा डेक वरून दिसतो तसा भरीव नसतो. वर एक पातळ थर, खाली एक पातळ थर, मधे प्लायवूड. भोक पाडून तसंच ठेवलं की पाणी आत जातं, प्लाय कुजते. मग स्क्रू कशात धरणार? हवेत?

"व्हिडिओत तर तो गोरो असोच मारी होतो," गौरेश म्हणाला.

"तो गोरो आता खंय आसा, बघितलात? बुडालो असतलो."

समीक्षा हसली. गौरेश हसला नाही.

सगळं मीच केलं. गौरेशचे स्क्रू काढून बाजूला ओळीत ठेवले. भोकं मोठी केली, आतली कुजकी प्लाय खरवडून काढली, रेझिन भरलं. ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा बारीक भोक पाडलं. आता बोल्ट रेझिनमधून जाणार, पाणी प्लायला शिवणार नाही. कठड्याच्या प्रत्येक पायाखाली सीलंट लावलं. वरून बोल्ट घातले.

उरलं फक्त खालचं काम. डेकच्या खालून प्रत्येक बोल्टला पट्टी आणि नट. ती पट्टी नसेल तर बोल्ट एका झटक्यात डेक फाडून वर येतो.

या कामाला दोन माणसं लागतात. वरचा स्क्रूड्रायव्हरने बोल्ट फिरवतो. खालचा पान्याने नट धरतो. धरला नाही तर नट बोल्टबरोबर गरागरा फिरत राहतो, दिवसभर फिरवा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. नट बसला की खालच्याने पान्याने दोनदा ठोकायचं.

टक टक. झालं, पुढचा.

"खाली जायचं झाकण खंय आसा?" मी विचारलं.

गौरेशने समीक्षाकडे बघितलं.

समीक्षाने होडीच्या पोटाकडे बोट दाखवलं.

खाली

होडीच्या टोकाला, डेकखाली, एक पोकळी असते. माणूस रांगत जेमतेम मावतो. आत जायला होडीच्या पोटातून एक झाकण.

ते झाकण गौरेशने नारळी पुनवेला बंद केलं होतं. आत देवाचा नारळ ठेवला, आणि त्याच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून कडेने रेझिन भरून झाकण कायमचं चिकटवून टाकलं. वर कुंकवाने पाच बोटं उमटवली.

म्हणजे आधी मुहूर्त, मग काम. कठडा बसवायचा बाकी, नट लावायचे बाकी, आणि ह्याने देव आत बंद करून ठेवला. हे आमच्याकडेच होऊ शकतं.

"भटान मुहूर्त काढून दिलो तो मी सोडू?"

"मुहूर्त सोडू नका. बायकोक सोडा पाण्यात. उद्या वाकली काय गेली."

मी झाकण कापायला निघालो. गौरेश आडवा आला. देवाचा नारळ उघडा पाडायचा नाही, हेच परत परत. मग समीक्षा उठली. पदर खोचला. झाकणासमोर पाच फुलं आणि विडा ठेवून हात जोडले.

"बा राखणदारा," ती म्हणाली, "लेकरां चुकली. आता झाकण काडतत, तां गोड मानून घे. आमच्या खाली तुजो हात आसांदे रे म्हाराजा."

गौरेशला म्हणावंच लागलं. "व्हय म्हाराजा."

मी म्हटलं नाही. मला नाटकं जमत नाहीत.

"तुमी वर बसा, बोल्ट फिरवा," मी त्याला सांगितलं. "मी मशीन घेऊन येतंय. झाकण कापून आत शिरलंय काय ठोकतंय."

वर

कापायच्या मशीनची वायर काठावरच्या गौरेशच्या घरातून ओढायची होती. मी तिथे पोचलो आणि वीज गेली.

गेली ती गेलीच. मी त्या घराच्या बलकांवावर, पुढच्या ओट्यावर बसलो. समीक्षा मागून आली, झेंडूची तोरणं ओवत शेजारी बसली. तिथून होडी पूर्ण दिसते. डेकवर एकटा गौरेश. पाठमोरा. वाकलेला.

त्याचा हात फिरत होता.

मला वाटलं, हा माणूस बावळट आहे. खाली कोणी नाही आणि हा बोल्ट फिरवतोय.

मग त्याचा आवाज आला.

"घट धर रे... हां... शाब्बास."

समीक्षाने सुई थांबवली.

मी काठावर उतरलो. चालत. धावण्यासारखं काय होतं?

होडीजवळ आलो आणि ऐकलं...

टक टक.

"पुढचो घेतंय," गौरेश वरून म्हणाला. खाली वाकून. डेकशी बोलत.

"भावोजी."

त्याने मान वर केली. मी समोर, वाळूत उभा. हातात मशीन.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग डेककडे.

"तू..." तो म्हणाला. "तू खाली मरे..."

तेव्हा कोण कुठे होतं, सांगतो.

गौरेश वर.

मी वाळूत.

समीक्षा बलकांवावर, हातात तोरण, दिसत होती.

कुत्रं सावलीत.

टक टक.

खाली

मी झाकण बघितलं. रेझिन जसंच्या तसं. कुंकवाची पाच बोटं जशीच्या तशी. समीक्षाची फुलंही हललेली नाहीत.

नटांची पिशवी माझ्या खिशात होती. न उघडलेली.

वर

"बोल्ट रेझिनमध्ये अडकलेत," मी म्हणालो. "भोकं घट पडली असतील. तुमका काय कळता?"

गौरेश कठड्याला लटकला होता. अक्षरशः. पाय वर घेऊन, सगळ्या वजनासकट. सकाळी माझ्या एका हाताने निघालेला कठडा. हलला नाही.

"भोकं कोणी पाडली?" त्याने विचारलं.

मीच पाडली होती. आणि माझी भोकं घट्ट नसतात. बोल्ट त्यातून सहज जातो, मी स्वतः घातले होते.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिल्या बोल्टला लावला. सैल करायला उलटा फिरवला. जड गेला, पण फिरला. पाव फेरा.

हात थांबवला...

आणि बोल्ट परत फिरला.

स्क्रूड्रायव्हरसकट. माझ्या मुठीत. हळू, शांतपणे, पाव फेरा, होता तिथे.

मी सैल केलं होतं. कोणीतरी खालून घट्ट केलं.

मी पुन्हा सैल केलं. आता दोन्ही हातांनी.

पुन्हा तो माझ्या हातांना घेऊन मागे आला. घाई नाही. राग नाही. एखादा जुना मेस्त्री शिकाऊ पोराच्या हातातून हत्यार काढून घेतो ना, तसं.

मग तीन इंच खालून, माझ्या गुडघ्यांच्या बरोबर खालून...

टक टक.

झालं. पुढचा.

खाली

वीज आली. गौरेश म्हणाला, नको उघडू. समीक्षा म्हणाली, दादा, उघड.

मी उघडलं. मला माहीत हवं होतं. उद्या तिने वाकायचं होतं, आणि तिला कोण धरणार हे मला माहीत हवं होतं.

झाकण कापलं. डोकं आत घातलं. मोबाईलचा उजेड.

नारळ होता. बाकी कोणी नाही.

वर बोल्टांची टोकं दिसत होती. सगळी.

उघडी.

एकालाही नट नाही. पट्टी नाही. काहीच नाही. नुसते आटे चमकत होते. आणि वर डेकवर तोच कठडा गौरेशचं वजन पेलत होता.

माझ्या भोकांतून पडलेली पांढरी पूड खाली पसरली होती. तिच्यात दोन खळगे होते. गुडघ्यांचे. बोल्टांच्या बरोबर खाली, कोणी गुडघे टेकून, हात वर करून बसल्यासारखे. तिथपर्यंत येण्याची खूण नाही. जाण्याची नाही.

मी आत शिरलो. होय, शिरलो. पट्ट्या लावल्या, नट लावले, ताणले. वरून गौरेश स्क्रूड्रायव्हरने बोल्ट धरून होता. माझं काम चोख झालं. मी ठोकायला पाना उचलला.

ठोकलं नाही. उगाच कोणी उत्तर दिलं असतं.

वर

दसऱ्याला समीक्षा टोकाशी उभी राहिली. वाकली. नारळ सोडला. तेवढ्यात शेजारून एक पाण्यावरची स्कूटर गेली, कोणीतरी शहरी माकड चालवत होतं. लाट आली. होडीचं नाक वर गेलं आणि आपटलं. समीक्षाचे पाय सुटले. क्षणभर ती पूर्ण कठड्यावर होती, खाली पाणी.

कठडा हलला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौरेश आजही सांगतो, कठडा मी बसवला. सांगू दे.

मी सगळ्यांना सांगितलं, माझे नट होते म्हणून वाचली. सरळ गोष्ट आहे. पट्टी आणि नट. भूतबीत काही नाही, बोल्ट रेझिनमध्ये अडकले होते. पूर्ण हंगाम ती रोज तिथे उभी राहिली, पर्यटकांना डॉल्फिन दाखवत. पूर्ण हंगाम मी नीट झोपलो.

एकदाच ती म्हणाली, "दादा, मी कठड्याक हात लावलंय काय खालसून कोण तरी घट धरता."

मी म्हटलं, "तुजो घोव पिऊन होडी चलयता, म्हणान तुका तसा वाटता."

ती हसली नाही.

खाली

उद्या दसरा. होडी पावसाळाभर झावळ्यांखाली होती. झाकण नवीन, मी बसवलेलं, बोल्ट लावून. त्यालाही गौरेशने कुंकू लावलंय. आज दुपारी मी ते तपासणीसाठी उघडलं. माझ्यानंतर कोणी उघडलेलं नव्हतं.

आत तोच नारळ. वाळलेला.

त्याच्यासमोर माझे नट.

सगळे. ओळीत मांडलेले, माझ्या पट्ट्या शेजारी एकावर एक रचलेल्या. गंजलेले नाहीत. नटांवर साचलेल्या धुळीचा थर जुना होता. पाऊसभराचा नव्हे. वर्षभराचा.

म्हणजे पहिल्या फेरीपासून.

म्हणजे ती लाट आली तेव्हा.

म्हणजे पूर्ण हंगाम माझी बहीण रोज ज्याला धरून उभी होती, त्याला खालून माझा एकही नट नव्हता.

माझं काम कोणीतरी काढून बाजूला ठेवलं होतं. नीट. मी गौरेशचे स्क्रू काढून ठेवले होते, अगदी तसं.

समीक्षाला सांगितलं, उद्या जाऊ नको. ती म्हणाली, "वर्सभर गेलंय, माका काय झाला?" तिला नटांचं सांगितलं. तिने हात जोडले, माझ्याकडे बघितलं, आणि तोरण ओवायला घेतलं. उद्या ती जाणार. त्याच टोकाशी. तशीच वाकणार.

मी नट परत लावले. दुसरं काय करणार? माझ्याकडे नटच आहेत.

सगळे ताणून झाल्यावर मी रांगत बाहेर निघालो. पाय झाकणाबाहेर आले होते, डोकं अजून आत होतं. तेव्हा आतून आवाज आला...

कर्र... कर्र...

पान्याचा. एका नटावर. मग दुसऱ्यावर.

मी ऐकत राहिलो. डोळे मिटून.

घट्ट होतोय की सैल होतोय, मला कळलं नाही.